पोलिश माणसाला इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला कसं शिकवायचं

व्रोत्स्वाफ, क्राकोव, वॉर्सा इकडे राहणाऱ्या मराठी लोकांना हा प्रसंग ओळखीचा असेल. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात गाठतात आणि सांगतात की मुलगा मँचेस्टरला असतो, सून तिकडचीच आहे, पुढच्या महिन्यात जायचंय, तर मला चार वाक्यं बोलता येतील एवढं इंग्रजी शिकवशील का. आपण हौसेने हो म्हणतो आणि पहिल्याच दिवशी गुड मॉर्निंग, गुड आफ्टरनून, मदर, फादर, ब्रदर अशी लांबच्या लांब यादी लिहून देतो. ती यादी फ्रीजवर चिकटते आणि आजी बोलत मात्र काहीच नाहीत.

असे शिकणारे लोक भरपूर आहेत आणि त्याला कारणंही आहेत. 1989 पर्यंत पोलंडच्या शाळांमध्ये रशियन सक्तीची होती, त्यामुळे साठीच्या आसपासच्या बऱ्याच जणांना थोडीफार रशियन येते, काहींना जर्मन येते, पण इंग्रजीचा गंध नसतो. मग 1 मे 2004 ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला, ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने लगेच नोकऱ्यांची दारं उघडली आणि तरुण मंडळी मोठ्या संख्येने तिकडे गेली. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलिश ही मुख्य भाषा म्हणून सांगणारे 5 लाख 46 हजार लोक होते, 2021 ला ते 6 लाख 12 हजार झाले. त्यांचे आईवडील इकडे, नातवंडं तिकडे, म्हणून ही चार वाक्यं त्यांना खरंच हवी असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोलिश माणूस इंग्रजीत अडतो तो शब्द कमी पडल्यामुळे नाही. हॅलो, सॉरी, ओके हे त्याला आधीपासून येतं. त्याच्या डोक्यात पोलिश वाक्य तयार असतं आणि तो तेच शब्दाला शब्द लावून उलटवतो, तिथे गाडी अडते. म्हणून शिकवणाऱ्याला ते पोलिश वाक्य माहीत पाहिजे. आणि इथे आपण मराठी लोक खरंच फायद्यात आहोत, कारण त्यांच्या बऱ्याच सवयी आपल्यासारख्याच आहेत, ते तुम्हाला पुढे दिसेलच.

पहिली बैठक: फक्त चार वाक्यं

हॅलो. आयम हालिना. वॉट्स युअर नेम? नाइस टू मीट यू. बस, पहिल्या दिवशी याच्यापुढे जायचं नाही, कितीही उत्साह असला तरी.

‘माय नेम इज’ ऐवजी ‘आयम’ का, तर नाव सांगायला पोलिशमध्ये दोन नेहमीची वाक्यं आहेत. ‘नाझीवाम श्ये’ म्हणजे मी स्वतःला अमुक म्हणवते आणि ‘माम ना इम्ये’ म्हणजे शब्दशः माझ्याकडे नावाला अमुक आहे. ही डोक्यात असली की तोंडातून ‘आय हॅव नेम हालिना’ असं काहीतरी निघतं. पण त्यांच्याकडे तिसरं साधं वाक्यही आहे, ‘येस्तेम हालिना’, म्हणजे मी हालिना आहे. ते थेट ‘आयम हालिना’ला जुळतं, म्हणून तिथूनच सुरू करायचं.

यात एक खड्डा आहे. ‘येस्तेम’ या एकाच शब्दात ‘मी’ पण आला आणि ‘आहे’ पण आला. पोलिशमध्ये मी, तू हे सर्वनाम बहुतेक वेळा बोलतच नाहीत, आपण नाही का ‘पुण्याची आहे’ एवढंच म्हणतो, तसं. त्यामुळे ते इंग्रजीतही आय गाळून नुसतं ‘एम हालिना’ म्हणतात. यावर सर्वनामाचं व्याकरण समजावत बसू नका. ‘आयम’ हा एकच अखंड शब्द आहे आणि तो म्हणजे येस्तेम, असं सांगा. कागदावर एका बाजूला येस्तेम, समोर आयम, मध्ये बरोबरचं चिन्ह. चटकन बसतं.

तसंच प्रश्नाचं. नाव विचारताना ते म्हणतात ‘याक माश ना इम्ये?’ आणि याक म्हणजे कसं. म्हणून ‘हाऊ इज युअर नेम?’ ही चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्या करतो. इथेही वॉट आणि हाऊ यातला फरक समजावू नका, ‘वॉट्सयोनेम’ असा एका दमात म्हणायचा तुकडा पाठ करून घ्या.

‘नाइस टू मीट यू’ला त्यांच्याकडे ‘मिवो मी’ आहे, म्हणजे मला आनंद वाटला. त्यामुळे अर्थ सांगावा लागत नाही. फक्त हे स्पष्ट करा की मीट पहिल्या भेटीपुरतं, दुसऱ्यांदा भेटलं की ‘नाइस टू सी यू’. सूनबाईंना पाचव्या दिवशी सकाळी नाइस टू मीट यू म्हटलं तर त्या जरा गोंधळतील.

हॅलो कधी, गुड मॉर्निंग कधी

पोलिशमध्ये ‘हालो’ हे फोनवर म्हणायचं किंवा कुणाला लांबून हाक मारायला, त्यामुळे समोरासमोर हॅलो म्हणायला जुन्या लोकांना अवघड वाटतं. उलट त्यांचं ‘चेश्च’ भेटतानाही चालतं आणि निघतानाही, आपल्या नमस्कारासारखं. मग ते निघतानाही हॅलो म्हणून मोकळे होतात. हॅलो आणि हाय येताना, बाय जाताना, हे हातवारे करून, दारातून खरंच आत-बाहेर जाऊन शिकवा. जिथे उंबरठा येईल तिथे हात मिळवायला जाऊ नका, उंबरठ्यावरून हात मिळवणं त्यांच्यात अशुभ मानतात, आधी आत या मग हात पुढे करा.

‘जेन दोब्री’ सकाळी आठलाही चालतं आणि दुपारी चारलाही. शब्दाला शब्द लावला तर ‘गुड डे’ होतं, ते इंग्लंडमध्ये फार कडक वाटतं. म्हणून दुपारी बारापर्यंत मॉर्निंग, नंतर आफ्टरनून, अंधार पडायला लागला की इव्हनिंग. इव्हनिंग आणि नाइटमध्ये ते चुकत नाहीत कारण त्यांच्याकडेही संध्याकाळी भेटताना ‘दोब्री व्येचुर’ आणि झोपायला जाताना ‘दोब्रानोत्स’ असे वेगळे शब्द आहेत, ते पटकन उरकून पुढे जा. आणि अडलंच तर नुसतं हॅलो दिवसभर चालतं हे आवर्जून सांगा, माणसाचा जीव भांड्यात पडतो.

हाऊ आर यू, इथे जरा थांबा

पोलिश माणसाला ‘त्सो स्वीहाच?’ म्हणजे काय चाललंय असं विचारलं की तो खरं सांगतो. गुडघा दुखतोय, गॅसचं बिल वाढलंय, ‘स्तारा ब्येदा’ म्हणजे तेच जुनं दारिद्र्य. यात मला तरी मोकळेपणा वाटतो, आपल्याकडेही काकू-मावश्या अशाच बोलतात. पण इंग्लंडमध्ये दुकानातला पोरगा हाऊ आर यू म्हणतो तेव्हा त्याला उत्तर नको असतं, तो फक्त नमस्कार करत असतो. हे आधी सांगितलं नाही तर आजी तिथे उत्तर जुळवत उभ्या राहतात, शब्द सापडत नाहीत आणि मग त्यांना वाटतं आपल्याला काहीच येत नाही. म्हणून एक ठरलेलं उत्तर द्या: ‘फाइन, थँक्स. अँड यू?’ आणि सांगा की हे नमस्काराला प्रतिनमस्कार असं समजा. गुडघ्याचं मुलाला सांगा, पोलिशमध्ये.

अजून एक गंमत नाही तर चक्क अडचण आहे. पोलिश बोलण्यात ‘नो’ म्हणजे हो. ‘नो ताक’, ‘नो, नो’ असं मान डोलावत म्हणतात, आपलं ‘हं, हं’ असतं तसं. इंग्रज माणसाने ‘आर यू हालिना?’ विचारलं आणि आजी ‘नो, नो’ म्हणाल्या तर झालंच कल्याण. हे पहिल्याच आठवड्यात पकडा, नाहीतर सवय सुटत नाही. होला ‘येस’, आणि ऐकतेय हे दाखवायला ‘ओके’ किंवा नुसती मान.

उच्चार: चार जागा पकडा, बाकी सोडा

पहिली जागा डब्ल्यू. पोलिशमध्ये डब्ल्यू हे अक्षर व्ही सारखं वाचतात, म्हणून वॉट, वेअर, वेलकम हे सगळे दात ओठावर ठेवून येतात. पण गोल ओठांचा तो इंग्रजी आवाज त्यांच्याकडे आहेच, फक्त दुसऱ्या अक्षरात आहे, एल वर तिरकी रेघ मारलेलं जे अक्षर असतं त्यात. झ्वोतीमध्ये, म्हणजे त्यांच्या पैशाच्या नावात, तोच आवाज आहे. त्यामुळे वॉटच्या पहिल्या अक्षराच्या जागी पेन्सिलने तो रेघवाला एल लिहा आणि वाचायला सांगा. एका क्षणात उच्चार बरोबर येतो, ओठ कसे करायचे ते शिकवावं लागत नाही. यात आपण मात्र जपून, कारण आपला मराठी व दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. आपल्या तोंडून नमुना देण्यापेक्षा केंब्रिज डिक्शनरीच्या साइटवरचं स्पीकरचं बटण दाबून ऐकवा, तिथे इंग्रजी-पोलिश डिक्शनरीही आहे.

दुसरी जागा थँकचा पहिला आवाज. ते ‘फँक’ किंवा ‘सँक’ म्हणतात, आपण थ म्हणतो, आणि खरं तर दोन्ही जरा लांबच. जीभ दातांमध्ये किंचित बाहेर काढून हवा सोडायची, आरसा घेऊन बसा. जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी फँक्यू सगळ्यांना कळतं, यावर दोन बैठका घालवू नका.

तिसरी जागा शब्दाचा शेवट. पोलिशमध्ये शेवटचा ड चा ट होतो, ग चा क होतो, म्हणून गुडचं ‘गुट’ आणि डेव्हिडचं ‘डेव्हिट’ होतं. यावर चांगला उपाय म्हणजे पुढच्या स्वराला जोडून म्हणायला लावणं, ‘गुडीव्हनिंग’, ‘गुडाफ्टरनून’, एक शब्द असल्यासारखं, ड मध्ये अडकला की बऱ्याच जणांचा टिकतो. मॉर्निंगचं ‘मॉर्निंक’ होतं, तिथे शेवटी ग दाबायला जाऊ नका, आवाज नाकातच सोडून द्यायला सांगा.

चौथी जागा जोर कुठे द्यायचा ती. पोलिशमध्ये जोर जवळजवळ नेहमी शब्दाच्या उच्चारातल्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर असतो, म्हणून हॅलोचा ‘हॅ’ जोरात आणि ‘लो’ गिळलेला, त्यात ह पण घशातून ख सारखा. हॅलो, गुडबाय, आफ्टरनून, तिन्हींत जोर शेवटी. टेबलावर बोटाने ठोकून दाखवा, शेवटचा ठोका मोठा.

यू म्हणजे तू का तुम्ही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे अडथळा भाषेचा कमी आणि संकोचाचा जास्त आहे. पोलिशमध्ये अनोळखी माणसाला ‘तू’ म्हणणं म्हणजे उद्धटपणा. पुरुषाला ‘पान’, बाईला ‘पानी’, आणि क्रियापद तृतीयपुरुषी, म्हणजे ‘पानींना चहा हवाय का’ असं. वर्षानुवर्षं शेजारी राहूनही लोक पान-पानीवरच असतात, आणि अरेतुरेवर यायचं तर वयाने मोठ्या माणसाने किंवा बाईने आधी म्हणायचं असा रिवाज आहे, त्याचा ‘ब्रुदेरशाफ्त’ नावाचा पेला हातात हात अडकवून पिण्याचा विधीसुद्धा आहे. अशा माणसाला इंग्रजीत डॉक्टरला, सासऱ्याला, पोराटोराला सगळ्यांना ‘यू’ म्हणायला लावलं की त्याला मनातून चुकल्यासारखं होतं. अहो-जाहोमध्ये वाढलेल्या आपल्याला हे लगेच कळतं, म्हणून ते बोलून दाखवा. सांगा की यू मध्ये तू पण आहे आणि तुम्ही पण, आदर आवाजात ठेवायचा आणि वाक्यात प्लीज, थँक यू, एक्सक्यूज मी असं घालायचं.

मग मिस्टर-मिसेसचा गोंधळ. पोलिशमध्ये पान-पानी पहिल्या नावाला लावतात, आणि हाक मारताना नावाचं रूपही बदलतं. आन्नाला हाक मारायची तर ‘पानी आन्नो’, मारेकला ‘पान्ये मारकू’. आपल्याकडे ‘मुलांनो’ म्हणताना बदलतं तसं संबोधनच आहे ते. यावरून ते ‘मिसेस आन्ना’, ‘मिस्टर मारेक’ बनवतात. इंग्रजीत मिस्टर, मिसेस, मिझ हे आडनावाला लागतात, पहिल्या नावाला नाही, आणि नाव हाक मारताना जसंच्या तसं राहतं. व्याह्यांनी ‘कॉल मी डेव्ह’ म्हटलं तर नुसतं डेव्ह म्हणायचं, मिस्टर डेव्ह नाही. बाईचं लग्न झालंय का माहीत नसेल तर मिझ. आणि खरं सांगायचं तर घरगुती भेटीत मिस्टर-मिसेस लागतच नाही, त्यामुळे डॉक्टर आणि शाळा एवढ्यापुरतं शिकवलं तरी पुरे.

नाव, आडनाव आणि स्पेलिंग

इम्ये म्हणजे नाव, नाझ्विस्को म्हणजे आडनाव. फर्स्ट नेम आणि सरनेम, फॉर्मवर फॅमिली नेम किंवा लास्ट नेमही असतं, हे चारही शब्द ओळखता आले पाहिजेत.

पोलिश लोकांत प्रत्येक नावाचं घरगुती रूप ठरलेलं असतं. काताझिनाची काशा, माव्गोझाताची गोशा, अलेक्सांद्राची ओला, तोमाशचा तोमेक, याकुबचा कुबा, आणि योआन्नाची चक्क आशा, उच्चार आपल्या आशासारखाच. गंमत अशी की ती आशा रोमन लिपीत लिहिली की इंग्रज एशिया वाचतो आणि कुबाचं क्यूबा करतो. म्हणून शिकणाऱ्याला आधी ठरवायला सांगा की तिकडे कुठलं नाव वापरायचं, आणि वाक्य द्या: ‘आयम योआन्ना, बट प्लीज कॉल मी आशा.’ ग्झेगोश, वोयचेह अशी नावं इंग्रजांना झेपत नाहीत म्हणून काहीजण ग्रेग वगैरे करून घेतात, ज्याची त्याची मर्जी, पण नाव बदलायलाच पाहिजे असं कुणाला सांगू नका. हळू, दोनदा नाव सांगायला शिकवा, समोरचा शिकतो.

आडनावात नवरा कोवाल्स्की आणि बायको कोवाल्स्का. मेरी क्युरी माहेरच्या स्क्वोदोव्स्का आणि त्यांचे वडील स्क्वोदोव्स्की, तेच हे. सगळी आडनावं बदलत नाहीत, टेनिसवाली इगा श्व्योंतेक आणि तिचे वडील दोघंही श्व्योंतेकच. इंग्लंडमध्ये काउंटरवर नवरा-बायकोचं आडनाव वेगळं का असं विचारतात, त्यासाठी ‘इट्स द सेम नेम’ एवढं वाक्य जवळ असू द्या.

आता स्पेलिंग, इथे वेळ द्याच. पोलिशमध्ये ए या अक्षराला ‘आ’ म्हणतात, ई ला ‘ए’ आणि आय ला ‘ई’. म्हणजे इगा नावाच्या मुलीने फोनवर पोलिश सवयीने ‘ई, ग्ये, आ’ असं सांगितलं तर पलीकडचा माणूस पहिलं अक्षरच चुकीचं लिहिणार. जे ला ‘योट’, डब्ल्यू ला ‘वू’, वाय ला ‘इग्रेक’ म्हणतात, आणि क्यू, व्ही, एक्स तर पोलिशच्या 32 अक्षरांत धरतच नाहीत. सगळी एबीसीडी शिकवू नका, फक्त स्वतःच्या नावातली अक्षरं. समजा कोवालचिक, तर तुकडे पाडून: के ओ डब्ल्यू, ए एल, सी झेड, वाय के. दोन-तीन अक्षरांनंतर श्वास, मग पुढचा तुकडा. आन्नाला ‘डबल एन’. रेघा-टिंबं असलेली अक्षरं इमेल पत्त्यात साधी लिहितात, त्यामुळे ती फोनवर समजावायची गरज नाही. याचा सराव पाठमोरं बसून करा, ते सांगणार, तुम्ही लिहिणार, मग कागद दाखवायचा. चुकलं तर कागदावरच दिसतं, टोकावं लागत नाही.

कुठून आलात, काय करता

‘आयम फ्रॉम पोलंड’ येस्तेमच्या साच्यात सहज बसतं. ‘आयम पोलिश’ लिहिताना पी मोठाच, कारण त्यांच्या भाषेत अशी विशेषणं छोट्या अक्षरात लिहितात आणि इंग्रजीत छोट्या पी ने बुटाचं पॉलिश होतं. सराव करताना तुम्हीही तुमचं गाव सांगा. मी कोल्हापूर म्हटलं की एखादे जुने गृहस्थ एकदम सावरून बसतात, कारण 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, राहिले होते, आणि ते नाव काही घरांत अजून घेतलं जातं. मग गप्पा पोलिशमध्ये वाहायला लागतात, वाहू द्या, पाच मिनिटांनी परत या.

कामधंद्याला ‘आयम अ टीचर’. ते अ गाळतात, कारण पोलिशमध्ये अ आणि द हा प्रकारच नाही, आपल्यातही नाही. नियम नको, ‘आयम अ’ असा तुकडा द्या आणि पुढे त्यांचा व्यवसाय. रिटायर्ड असतील तर ‘आयम रिटायर्ड’, तिथे अ नाही. वयाला पोलिशमध्ये ‘माझ्याकडे साठ वर्षं आहेत’ असं म्हणतात, म्हणून ‘आय हॅव सिक्स्टी इयर्स’ येतं, तिथेही आयम: ‘आयम सिक्स्टी’. एवढं एक आयम पक्कं झालं की नाव, गाव, काम, वय सगळं त्यात भरता येतं.

दुसऱ्याची ओळख सगळ्यात सोपी. पोलिश ‘तो येस्त मारेक’, इंग्रजी ‘धिस इज मारेक’, वाक्याची ठेवण तीच. हजबंड, वाइफ, सन, डॉटर, ग्रँडसन, ग्रँडडॉटर, फ्रेंड, नेबर, एवढे शब्द घरातले फोटो समोर ठेवून घ्या, मोबाइलची गॅलरी उघडली की आजी स्वतःहून धिस इज, धिस इज करत सुटतात.

निरोप आणि प्रोशे

पोलिशमध्ये ‘प्रोशे’ हा एकच शब्द प्लीज, हे घ्या, त्यात काय एवढं आणि काय म्हणालात या सगळ्याला चालतो. म्हणून थँक यू म्हटलं की उत्तर ‘प्लीज’ येतं. चार चिठ्ठ्या करा: मागताना प्लीज, देताना ‘हिअर यू आर’, आभाराला ‘यू आर वेलकम’, ऐकू आलं नाही तर ‘सॉरी?’. मग चहाचा कप पुढे-मागे करत चारही वापरून घ्या, कप खरा पाहिजे, नुसतं वाचून बसत नाही. निघताना बाय आणि ‘सी यू’, ठरलेलं असेल तर ‘सी यू टुमारो’.

बैठक वीस मिनिटांपेक्षा मोठी नको, आठवड्यात दोनदा पुरे. मधल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर तुम्ही एक प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, त्यांनी व्हॉइस नोटनेच उत्तर द्यायचं, टाइप नाही. जायच्या आधी एकदा दुसऱ्या कुणाला, शक्यतो त्यांना अनोळखी असलेल्या तुमच्या एखाद्या मित्राला, त्यांना इंग्रजीत फोन करायला सांगा: हॅलो, नाव, स्पेलिंग, कुठून, कशा आहात, बाय. तुम्ही शेजारी बसा पण मध्ये बोलू नका, अडल्या तर ‘सॉरी, स्लोली प्लीज’ लिहिलेली चिठ्ठी फक्त पुढे सरकवा.